रोज पालक आणि बीट, तरी हिमोग्लोबिन ९.१ का?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यातलं मुख्य आधी मांडते. मुलगी १४ वर्षांची, वजन ४० किलो, घर पूर्ण शाकाहारी. दोन वर्षांपूर्वी हिमोग्लोबिन ९.४ होतं. शाळेतल्या लोहाच्या निळ्या गोळीने मळमळतं म्हणून ती बंद केली आणि सगळं नैसर्गिकच द्यायचं ठरवलं. रोज पालकाची भाजी, बीटचा रस, गूळ-शेंगदाणे, चार खजूर, रात्री दूध. सकाळी चहा-चपाती. परवा पुन्हा तपासलं तर ९.१. आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत, की ती पाटीवरची पेन्सिल खाते, रागावलं तरी ऐकत नाही.

ती शेवटची ओळ मी सगळ्यात आधी वाचली. तिच्याकडे नंतर येते.

तुमचं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. मीही आहारतज्ज्ञ म्हणून काम सुरू केलं तेव्हा पहिली काही वर्षं हीच यादी छापून देत होते: पालक, बीट, गूळ, खजूर. आया ती मनापासून पाळायच्या, आणि तीन महिन्यांनी आकडा तिथल्या तिथे. यादीत लोह होतं, पण पोरीच्या रक्तात ते पोचत नव्हतं. या दोन गोष्टींमधलं अंतर किती मोठं असतं, ते मला खरं तर आमच्या शेताने शिकवलं होतं. ते दवाखान्यात वापरायला मात्र मला उशीर झाला.

आमचं शेत फलटणजवळ, चुनखडीच्या काळ्या रानात. उन्हाळी भुईमूग असायचा. पाणी जरा जास्त झालं की शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या. शेतकरी म्हणतात केवडा पडला. ती लोहाची कमतरता. आता गंमत बघा, महाराष्ट्रातला सह्याद्री आणि इथलं बहुतेक दख्खनचं पठार ज्या काळ्या बेसाल्ट खडकाचं बनलंय तो खडकच लोहाने भरलेला आहे. त्याची माती झाली, त्या मातीत भुईमूग उभा आहे, आणि तो लोहावाचून पिवळा पडलाय. कारण चुनखडीमुळे माती विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची होते, तिच्यातलं लोह गंजासारख्या, न विरघळणाऱ्या रूपात बसून राहतं. जे विरघळत नाही ते मुळाला घेता येत नाही. वडील मग दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून फवारायचे. लिंबूसत्त्व कशाला, तर हिराकशीचं फिकट हिरवं पाणी नुसतं ठेवलं की तासाभरात तांबूस व्हायला लागतं, म्हणजे त्यातलं लोह पुन्हा गंजाच्या रूपात जायला लागतं. आंबटपणा त्याला विरघळलेलं ठेवतो. आठ-दहा दिवसांत पानं हिरवी होऊ लागायची.

तुमच्या लेकीच्या पोटात हेच चाललंय. वनस्पतींमधून येणारं लोह बहुतेक त्या न विरघळणाऱ्या जातीचं असतं. जठरातलं आम्ल ते सोडवतं, आणि पुढच्या आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात ते शोषलं जातं. तेवढ्या जागेत, तेवढ्या वेळात ते विरघळलेलं असायला हवं. नसेल तर पुढे निघून जातं. त्यामुळे भाजीत किती मिलिग्रॅम आहे यापेक्षा ताटात तिच्या शेजारी काय आहे, हा प्रश्न मोठा.

पालकाचंच घ्या. शंभर ग्रॅम पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह. वाईट नाही. पण पालकात ऑक्झॅलेट भरपूर, पॉलिफिनॉल्सही (चहातल्या टॅनिनच्या जातीची द्रव्यं) आहेत, आणि त्यातलं लोह अगदी थोडं शोषलं जातं. कॅल्शियमची गतही तशीच, पालकातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम ५ टक्के शरीराला मिळतं. दुधातलं २५-३० टक्के मिळतं. पालक खाऊ नका असं मी म्हणत नाही, फोलेटसाठी आणि अ जीवनसत्त्वासाठी तो उत्तम आहे. पण लोहासाठी त्याच्यावर विसंबू नका. मेथीत ऑक्झॅलेट कमी असतं, शेवग्याच्या पाल्यातलं ऑक्झॅलेट बरंचसं न विरघळणारं असतं, म्हणून ते फारसं आड येत नाही. आठवड्यात पालक एकदा आणि या भाज्या तीन-चारदा, असं उलटं करा.

बीटमध्ये शंभर ग्रॅमला १ मिलिग्रॅमही लोह नसतं. त्याचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा, लोहाशी त्याचा संबंध नाही. रक्तासारखं दिसतं म्हणून रक्त वाढवतं, ही समजूत फार जुनी आणि फार पक्की आहे. बीटचा रस गाळून देत असाल तर तो बंद केलात तरी चालेल. गुळात थोडं लोह असतं, त्यातलं काही काहिलीतून आलेलं, आणि ते गुळागुळात खूप बदलतं. दहा ग्रॅमच्या खड्यात फार तर अर्धा मिलिग्रॅम. शेंगदाण्यांबरोबर आवडीने खाते तर खाऊ दे, पण औषध म्हणून नको.

आता चहा. तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट ही. चहातले टॅनिन लोहाला इतके घट्ट धरतात की जेवणासोबत घेतलेल्या एका कप चहाने त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त घटू शकतं. दूध घातल्याने हा गुण जात नाही. कॉफीही हेच करते, जरा कमी. आपल्याकडे कांदेपोह्यांवर लिंबू पिळतात. पोह्यांतल्या लोहासाठी याहून चांगली गोष्ट नाही. आणि शेजारी चहाचा कप ठेवून आपणच ते वाया घालवतो. चौदा वर्षांच्या मुलीला चहाची गरजच नाही. सुटत नसेल तर जेवण-नाश्त्यानंतर किमान एक तास जाऊ द्या, दोन गेले तर उत्तम. या एकाच बदलाने जे मिळेल ते कोणत्याही महागड्या चूर्णाने मिळणार नाही.

चपाती, भाकरी, डाळी, कडधान्यं यांत दुसरा अडथळा असतो, फायटिक आम्ल किंवा फायटेट. त्याला शत्रू समजू नका. बी रुजताना कोंबाला फॉस्फरस लागतो, तो झाडाने बियात या रूपात साठवून ठेवलेला असतो. झाडाने ती शिदोरी स्वतःच्या बाळासाठी बांधलीय. ती आपल्या पोटात गेली की लोह, जस्त, कॅल्शियम यांना धरून ठेवते. पण बी रुजायला लागलं की त्यातलं फायटेज नावाचं विकर जागं होतं आणि ती शिदोरी सोडायला लागतं. आपल्या आज्यांनी नेमकं हेच स्वयंपाकात आणलं. मटकी भिजवून मोड आणायची. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, दळायची, ते नाचणीचं सत्त्व. आंबील आंबवायची. नुसत्या नाचणीच्या पिठात शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह, पण फायटेट आणि टॅनिनही भरपूर. मोड आणले की दोन्ही उतरतात. बाजारातलं ‘नाचणी सत्त्व’ घेताना ते मोडवलेल्या नाचणीचं आहे की नुसतं भाजून दळलेलं, हे पाकिटावर वाचा. बऱ्याचदा दुसरंच असतं.

बाजरीचं वेगळं सांगते, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे पक्का पुरावा आहे. साध्या बाजरीत शंभर ग्रॅमला सहा-साडेसहा मिलिग्रॅम लोह असतं, तांदळात एक मिलिग्रॅमही नसतं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाबरोबर ‘धनशक्ती’ हे जास्त लोहाचं वाण काढलं, ते २०१२मध्ये महाराष्ट्रात आलं. अशा जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी महाराष्ट्रातल्याच वसतिगृहातल्या १२ ते १६ वयाच्या मुलामुलींना सहा महिने देऊन पाहिली, आणि लोहाची कमतरता साध्या बाजरीच्या तुलनेत जास्त मुलांमध्ये भरून निघाली. फायटेट असूनही, कारण भाकरी रोजची होती आणि पोटभर होती. तुमच्याकडे धनशक्ती मिळत असेल तर जरूर घ्या. नसेल तर थंडीत साधी बाजरी. भाकरीबरोबर आंबट काहीतरी ठेवा, एवढंच.

आंबटाचं थोडं सविस्तर. क जीवनसत्त्व लोहाला विरघळणाऱ्या रूपात आणतं आणि तिथे धरून ठेवतं, वडिलांच्या पंपातल्या लिंबूसत्त्वासारखं, किंबहुना त्याहून चांगलं. पन्नास मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाने त्या जेवणातल्या लोहाचं शोषण दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. एका मध्यम पेरूत याच्या कितीतरी पट असतं. पण ते त्याच जेवणात हवं. चार वाजता खाल्लेला पेरू दुपारी एकच्या जेवणाला उपयोगी पडत नाही, हे मी दिवसातून दहा वेळा सांगते. दुसरं, क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. लिंबू फोडणीत नको, ताटात पिळायचं. डाळीवर, उसळीवर, पोह्यांवर. जेवतानाच पेरूच्या दोन फोडी, नाहीतर कच्च्या कोबीची कोशिंबीर, नाहीतर चमचाभर किसलेला आवळा. शाळेच्या डब्यात लिंबाची फोड वेगळी द्या.

अळूचं फदफदं करताना चिंच किंवा आमसूल घालतात ते खाज जावी म्हणून, हे सगळ्यांना माहीत आहे. ती खाज ऑक्झॅलेटच्या सुयांची. तो आंबटपणा लोहालाही थोडी मदत करतो. भाजी लोखंडी कढईत टोमॅटो घालून केली तर कढईचं लोहही अन्नात उतरतं. भाजी जरा काळपट होते, मुलं नाक मुरडतात, पण उपयोग खरा आहे. फक्त झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

आळीव तुम्ही लिहिलं नाहीत, पण नंतर विचाराल. आळिवात लोह भरपूर असतं. मात्र ते दुधात शिजवून खीर केली की दुधातलं कॅल्शियम लोहाच्या आड येतं. आळीव लिंबाच्या सरबतात किंवा शहाळ्याच्या पाण्यात भिजवून, वर लिंबू पिळून द्या. रात्रीचं दूध चालू ठेवा, तिच्या हाडांना ते हवंच आहे, पण जेवणाला चिकटून नको.

हे सगळं केलंत तर बरं होईल का? इथे मला तुम्हाला स्पष्ट बोलावं लागेल. नाही. एवढ्याने होणार नाही.

हिशोब करू. चाळीस किलोच्या मुलीच्या अंगात साधारण २.८ लिटर रक्त. हिमोग्लोबिन ९.१ वरून १२ वर न्यायचं (हा आकडा म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तामागचे ग्रॅम) तर प्रत्येक लिटरमागे २९ ग्रॅम, म्हणजे एकूण सुमारे ८० ग्रॅम हिमोग्लोबिन नवीन बनवायचं. एका ग्रॅम हिमोग्लोबिनला ३.४ मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे सुमारे २७५ मिलिग्रॅम, आणि यकृतातला रिकामा झालेला साठा भरायला आणखी दोनेकशे. आता आवक बघा. चांगल्या शाकाहारी जेवणात दिवसाला १५-२० मिलिग्रॅम लोह. कमतरता असताना शरीर हावरटासारखं ओढून घेतं, तरी धरून चाला की रोज २ मिलिग्रॅम आत गेलं. खर्च? त्वचा, आतडी यांतून रोज जाणारं, पाळीतून जाणारं महिन्याचं १५ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तिची वाढ चालू आहे त्याला लागणारं, मिळून दिवसाला दीड मिलिग्रॅम. शिल्लक अर्धा. २७५ मिलिग्रॅम अर्ध्या-अर्ध्याने जमवायला दीड वर्ष लागेल, तेही रोज सगळं मनासारखं झालं तर. आणि साठा मग त्यानंतर.

गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं दहा टक्के जरी शोषलं गेलं तरी ६ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या सगळ्या ताटाच्या तिप्पट. जेवण आजार होऊ देत नाही आणि बरा झाल्यावर परत येऊ देत नाही. आत्ता मात्र गोळी लागेल.

तुम्ही ‘नैसर्गिक’ हा शब्द तीनदा लिहिलाय, म्हणून सांगते. शाळेतल्या त्या निळ्या गोळीत असतं फेरस सल्फेट आणि फॉलिक ॲसिड. फेरस सल्फेट म्हणजे हिराकस, माणसासाठी शुद्ध केलेली. वडील जे भुईमुगावर फवारायचे तेच. भुईमूग त्याला कृत्रिम म्हणून नाकारत नाही, आणि आतड्याच्या दारात पोचल्यावर पालकातून आलेला लोहाचा अणू आणि गोळीतून आलेला अणू यांत काहीही फरक नसतो. फरक एवढाच, की गोळीतला मोकळा असतो.

मळमळीवर उपाय आहेत. शाळेची निळी गोळी आठवड्यातून एकदाच असते आणि ती आजार टाळण्यासाठी आहे, उपचाराचा डोस वेगळा आणि तो डॉक्टरच ठरवतील. त्यांना मळमळीचं आधी सांगा. रात्री झोपताना, हलकं काही खाऊन गोळी घेतली तर बऱ्याच मुलींना सोसते. शोषण जरा कमी होतं, पण पोटात टिकलेली गोळी उलटून पडलेल्या गोळीपेक्षा बरी. एक दिवसाआड गोळी हाही पर्याय आता वापरतात. मोठा डोस घेतला की शरीर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पुढचा दिवसभर लोहाचं दार अर्धं लोटून घेतं, त्यामुळे एक दिवस सोडून दिलेली गोळी जास्त चांगली शोषली जाते. तुमच्या मुलीला यातलं काय योग्य, हे डॉक्टरांना विचारा. गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर, चहा-दुधाबरोबर नाही, आणि पित्ताच्या गोळीबरोबर तर नाहीच. शौचाला काळं होईल, घाबरू नका.

गोळी सुरू करण्याआधी मात्र एक करा. नुसत्या हिमोग्लोबिनवर जाऊ नका. पूर्ण रक्तचाचणी आणि फेरिटिन करून घ्या. फेरिटिन म्हणजे साठ्याची मोजणी. हिमोग्लोबिन कमी असण्याचं कारण प्रत्येक वेळी लोह नसतं. थॅलॅसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक, सिकलसेल हा तसाच दुसरा विकार (विदर्भात आणि नंदुरबारकडे ते बरंच आहे), ब-१२ ची कमतरता, या सगळ्यांत आकडा खाली येतो. थॅलॅसेमियाच्या वाहकाला गरज नसताना वर्षानुवर्षं लोह देणं चांगलं नाही. तुमचं घर शाकाहारी, म्हणून ब-१२ मुद्दाम तपासा. ते वनस्पतींत नसतंच, पालेभाजीत नाही, मोडात नाही. दूध-दही-ताकात थोडं असतं, पण कित्येक शाकाहारी घरांत तेवढं पुरत नाही. पाळीत किती दिवस आणि किती रक्त जातं, तेही तिच्याशी शांतपणे बोला. दर दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, नाहीतर भरलेलं लोह दर महिन्याला वाहून जाईल. गेल्या सहा महिन्यांत जंताची गोळी झाली नसेल तर तीही.

आता पेन्सिल.

पाटीवरची पेन्सिल, खडू, माती, कच्चे तांदूळ, बर्फ खाण्याची ओढ आणि लोहाची कमतरता यांची जोडी डॉक्टरांना फार जुनी ओळखीची आहे. १९५८मध्ये बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद इराणमधल्या शिराझला काम करत होते. त्यांच्याकडे २१ वर्षांचा एक तरुण आणला गेला, दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा. अंगात रक्त नाही, वाढ खुंटलेली. जेवण म्हणजे न आंबवलेल्या पिठाची रोटी, जोडीला जवळपास काही नाही, आणि रोज माती. तिथल्या खेड्यांत असे आणखी होते. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी होणं समजत होतं, पण वाढ का थांबावी? त्या शोधातून डॉ. प्रसादांनी मांडलं की माणसाच्या वाढीला जस्तही लागतं, आणि धान्यातलं फायटेट त्यालाही धरून ठेवतं. तोवर माणसात जस्ताची कमतरता होऊ शकते हे कोणी मानत नव्हतं. आज जुलाब झालेल्या आपल्या बाळांना जलसंजीवनीबरोबर जस्ताची गोळी देतात, त्याचं मूळ त्या कामात आहे.

तुमच्या लेकीची तेवढी वाईट स्थिती नाही. पण तिची ओढ ही वाईट सवय नाही, हे घरात सगळ्यांना सांगा. ती हट्टी नाही, तिचं शरीर मागतंय, फक्त काय मागतंय ते त्याला नीट सांगता येत नाहीये. रागावल्याने ती लपून खाईल. माती खात असेल तर ते मात्र थांबवायला हवं, तिच्यातून जंत येतात, आणि काही प्रकारची माती पोटात लोहालाच धरून ठेवते. लोहाचे उपचार नीट सुरू झाले की ही ओढ बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप सुटते, पुष्कळदा हिमोग्लोबिन पुरतं वर यायच्या आधीच. माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी हेच विचारते: पेन्सिल सुटली का? सुटली म्हणाल्या की मला रिपोर्ट बघायच्या आधीच अर्धं कळतं.

गोळी सुरू झाल्यावर एका महिन्याने पुन्हा तपासा. निदान १ ग्रॅमने वर यायला हवं. नाही आलं तर गोळी खरंच पोटात जाते आहे का ते पाहा, आणि तेही नीट असेल तर डॉक्टरांकडे परत जा. आकडा १२ झाला की लगेच बंद करू नका, साठा भरायला डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवा. फेरिटिनचा आकडा हातात आला की मला जरूर कळवा, आणि तोवर उद्याच्या नाश्त्यातला चहा तेवढा काढून टाका.